बाजरीने वजन घटते काय?

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्षापासून ‘बाजरी खा, वजन घटवा’ असा प्रचार होऊ लागला. तो अर्धसत्य आहे. १०० ग्रॅम बाजरीतून सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पांढऱ्या तांदळातूनही जवळजवळ तेवढीच. खरा फरक तंतुमय पदार्थांचा: बाजरीत सुमारे ११ ग्रॅम, तांदळात तीनहून कमी. त्यामुळे भाकरीने पोट लवकर भरते. परंतु खर्च न झालेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते, मग धान्य कोणतेही असो. नांगरणी-मळणी यंत्रांकडे गेली. ताटातील भाकऱ्या मात्र तितक्याच राहिल्या. साखर व वनस्पती तूप घातलेल्या नाचणी बिस्किटांविषयी तर न बोललेलेच बरे! मधुमेही शेतकरी विस्तार कार्यकर्त्याच्या शब्दावर विसंबून असतो. म्हणून पाककृतींच्या प्रात्यक्षिकात पीठ आणि तेल मोजूनच दाखवावे.