नकाशावरील हिरवा रंग

दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर राज्यातील नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या पार पडल्या आणि लोकनियुक्त सभासद सभागृहात येऊन बसले. रस्ते, गटारे आणि नळ यांविषयी दिलेली वचने ते कितपत पाळतात, हे यथाकाल दिसेलच. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते प्रचारसभांतून क्वचितच ऐकू येणाऱ्या एका विषयाविषयी : नगराच्या विकास योजनेत राखलेल्या मोकळ्या जागा आणि त्यांचे पुढे काय होते. उदाहरणादाखल आम्ही रावेर घेतो. जे रावेरचे, तेच थोड्याफार फरकाने सावदा, फैजपूर आणि यावल यांचे.

रावेरास बागेची गरज ती काय, असे पुण्या-मुंबईचा वाचक म्हणेल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये दृष्टी पोहोचेल तेथवर केळीची हिरवीगार पाने ! परंतु डोळ्यांस दिसणारा प्रत्येक हिरवेपणा हा निसर्गाचे रक्षण करणारा असतोच असे नव्हे. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. पण ही केळी जमिनीच्या पोटातील पाण्यावर पोसली आहे आणि रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षे नोंदले गेले आहेत. हे पाणी येते कोठून? सुकी, भोकर यांसारख्या नद्या डोंगर उतरताना जे गोटे, वाळू आणि भरड माती पायथ्याशी पसरून ठेवतात, त्या पट्ट्यातून पावसाचे पाणी खाली मुरते आणि तापीच्या गाळाच्या प्रदेशातील विहिरींस पोहोचते. हा पायथा म्हणजे या तालुक्याचे पाणी पिण्याचे तोंड आहे. ते फरशांनी आणि सिमेंटने बंद करणे म्हणजे काय, हे समजावयास भूगर्भशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांस ते समजले होते. रावेरपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे अशा बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याकडून तापीकडे जाणारे हेच भूमिगत पाणी कुंड्या आणि भुयारे यांच्या मालिकेने अडवून शहरास पुरविले गेले. कुंडी भंडारा या नावाने ती व्यवस्था आजही पाहावयास मिळते. तिच्या कर्त्यांजवळ नगररचनेचा कायदा नव्हता. पाणी कोठे मुरते एवढे ज्ञान मात्र होते. आमच्याजवळ कायदा आहे. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी २०२५ मध्ये करारही केला. एकीकडे हजारो कोटी खर्चून पाणी जमिनीत घालावयाचे आणि दुसरीकडे ते फुकट मुरविणाऱ्या जमिनीचे प्लॉट पाडावयाचे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

कायदा वाईट नाही. नगररचनेचा देशातील पहिला कायदा १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातच झाला, १९५४ मध्ये तो व्यापक झाला आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम त्यातूनच आला. विकास योजनेत काय असावे हे सांगताना याच्या २२ व्या कलमात उद्याने व क्रीडांगणे यांच्याबरोबरच निसर्गरम्य प्रदेशांचे जतन, पूरनियंत्रण आणि नद्यांचे प्रदूषण रोखणे यांचाही उल्लेख आहे. आमची तक्रार आहे ती नकाशाच्या भाषेविषयी. योजनेच्या नकाशावर वस्तीस पिवळा रंग देतात, शेतीस हिरवा. सर्वसामान्य माणूस समजतो, की हिरवे म्हणजे राखलेले. व्यवहारात हिरव्याचा अर्थ एवढाच होतो, की येथे अजून कोणी बांधलेले नाही. पुढल्या सुधारणेत तो पट्टा पिवळा होईल या भरवशावर जमिनींचे सौदे आधीच होऊन जातात. त्यातून २०१४ च्या दुरुस्तीने विकास योजनेच्या क्षेत्रातील बहुतेक जमिनींना जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरजही उरली नाही. म्हणजे शेवटचा पहारेकरी नकाशाच, आणि तो रंगाच्या एका फटकाऱ्याने दूर होतो.

याहून गंभीर गोष्ट आहे ती १२७ व्या कलमाची. बाग वा क्रीडांगण म्हणून राखलेली जमीन अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत नगरपालिकेने ताब्यात घेतली नाही, तर मालकास नोटीस देता येते. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. यात मालकाचा दोष आम्ही काढणार नाही. ज्याच्या जमिनीवर रेघ ओढून तुम्ही दहा-दहा वर्षे ना पैसे देता ना मोकळीक, त्याने नोटीस देऊ नये तर काय करावे? दोष आहे तो नोटिशीवर झोपणाऱ्यांचा. केवळ ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची पावले नव्हेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात दिला. तरीही अखेरच्या महिन्यात एखादा ठराव करून हात झटकण्याची रीत सुटलेली नाही. लहान नगरपालिकेजवळ पैसा नसतो हे खरे. मुंबई-पुण्यास जमिनीच्या मोबदल्यात विकास हक्क देऊन सुटता येते. रावेरात ते हक्क विकत घेणार कोण? म्हणूनच सरकारने छोट्या गावांच्या बागांसाठी वेगळी तरतूद करणे अगत्याचे आहे. तशी ती होत नाही तोवर निदान वीस आरक्षणे कागदावर दाखवून एकही न मिळविण्यापेक्षा चारच दाखवावी आणि चारही मिळवावी.

मोबदला न देता मिळणारी जागाही असतेच. चाळीस आर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटमध्ये एक-दशांश भाग मोकळा सोडावा लागतो. २०२० च्या एकत्रित नियमावलीनेही हे बंधन ठेवले आहे. हा तुकडा बहुधा कोपऱ्यात, ओढ्याच्या कडेस, जेथे प्लॉट विकला जाणार नाही अशा ठिकाणी सापडतो. लोक त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. प्रथम तेथे बाभूळ वाढते, मग कुंपण येते, मग एखादे सभागृह उभे राहते आणि उद्घाटनास पुढारी येतात. बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयास दिली गेली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्द केले. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण ते बागेत कशाला?

गावाबाहेरची कथा निराळी नाही. यावल अभयारण्य १९६९ चे. त्याच्या पाल परिसराची ख्याती रावेर तालुक्यालाच लाभली आहे. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात तर वाघ केळीच्या बागांतून वावरतात आणि तेथील मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ मध्ये घोषित झाले. वन खात्याच्या हद्दीचा दगड कोठे आहे हे वाघाला ठाऊक नसते. जंगल आणि वस्ती यांमधील शेतजमिनीचे काय करावयाचे, हे ठरविणारा कागद नगररचनेच्या कचेरीत असतो.

नव्या सभासदांस आमचे सांगणे थोडके आहे. नवी योजना, नवा ठेकेदार आणि नवा कोनशिला समारंभ यांची येथे गरज नाही. पहिल्याच सभांपैकी एखाद्या सभेत मुख्याधिकाऱ्यांकडून एक तक्ता मागवावा : योजना कोणत्या तारखेस अमलात आली, कोणती आरक्षणे ताब्यात आली, कोणत्यांची दहा वर्षे भरली, कोणावर नोटीस आली आहे आणि तिचे किती महिने उरले आहेत. ले-आउटमधील मोकळ्या जागांपैकी किती नगरपालिकेच्या नावे सातबाऱ्यावर लागल्या, हेही त्यात यावे. नद्यांच्या पूररेषा त्याच नकाशावर आखाव्यात. मग हा तक्ता कचेरीच्या दारावर, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. हरकती व सूचना मागविण्याची मुदत सुरू होते तेव्हा नागरिकाच्या हाती हा तक्ता असला, तर नकाशावरचा हिरवा रंग कोठे फिकट होतो आहे हे त्यास वेळेवर कळेल. मुदत संपल्यावर कळून उपयोग नाही.