रचनाकाराचे आसन

इ. स. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी सॉफ्टवेअर घडविण्याच्या ‘अजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा काढला : काम लहान टप्प्यांत करावे, ग्राहकाचे मत वारंवार घ्यावे. विचार उत्तमच; परंतु पडद्यावर नवखा माणूस कोठे अडखळतो हे पाहणारा रचनाकार या धावपळीत मागे पडतो. टोरंटोच्या एलियस कंपनीत त्यास एक टप्पा पुढे ठेवीत. प्रोग्रॅमर एका भागात गुंतले असता तो पुढील भागाचे कच्चे नमुने वापरणाऱ्यांपुढे मांडी आणि झालेल्या भागाचीही परीक्षा घेई. ही युक्ती मला पटते. मात्र त्याने निराळ्या दालनातून नुसती चित्रे धाडू नयेत. रोजच्या बैठकीस यावे. गतवर्षी आमच्या स्नेहसंमेलनाचे नेपथ्यकार एकाही तालमीस आले नाहीत. प्रयोगाच्या रात्री दार भलत्याच बाजूस निघाले!