धुराचा सातबारा

रायपूर शहरातील चौबे कॉलनी ही मराठी माणसास परकी वाटणारी वस्ती नव्हे. येथे महाराष्ट्र मंडळ आहे आणि गणेशोत्सवात येथे मराठी आरत्याही ऐकू येतात. शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे पसरली आहेत. तेथील भट्ट्यांत दगडी कोळशाच्या साहाय्याने स्पंज आयर्न, म्हणजे सच्छिद्र लोखंड, तयार होते. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसते, ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. काजळीचे एक बरे असते. ती बोटाला लागते, आणि जे बोटाला लागते त्याविषयी तक्रार तरी करता येते. त्याच धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. तो दिसावयाचा तर कागदावरच दिसणार. तो कागद अपुरा, खोटा किंवा कुलपात ठेवलेला असेल, तर तो वायू कोणासही कधीच दिसावयाचा नाही.

असा कागद भारतात आता तयार होऊ लागला आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. योजनेचे प्रशासन ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे, व्यापाराचे नियमन केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे, आणि नोंदवही ठेवण्याचे काम ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया या शासकीय कंपनीकडे सोपविण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांची लक्ष्ये राजपत्रात प्रसिद्ध झाली. छत्तीसगढापुरते बोलावयाचे, तर बलौदाबाजारकडील सिमेंटचे कारखाने आणि कोरब्याचे अॅल्युमिनियम हे यांतील परिचित उद्योग होत. सिलतऱ्याच्या लोखंडी भट्ट्या त्या पहिल्या यादीत नव्हत्या.

नोंदवही म्हणजे काय, हे मराठी वाचकास फार समजावून सांगावे लागणार नाही. शेतजमिनीचा सातबारा त्याने पाहिलेला असतो. जमीन कोणाची, किती आणि तीत पीक कोणते, हे सातबारा सांगतो. जमीन विकली गेली किंवा वारसाकडे गेली, तर गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो आणि तो प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावरील नाव बदलते. छत्तीसगढात हेच काम खसरा आणि बी-१ हे कागद करतात. उत्सर्जनाच्या नोंदवहीतही प्रत्येक कारखान्याचे खाते असते. एक टन कार्बन डायऑक्साइडइतक्या बचतीस एक प्रमाणपत्र मिळते व त्यावर त्याचा असा अनुक्रमांक असतो. तो क्रमांक एका वेळी एकाच खात्यात असू शकतो. कारखान्याने आपली जबाबदारी फेडण्यासाठी प्रमाणपत्र जमा केले, की ते कायमचे बाद होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सिमेंट कारखान्यास दर टन मालामागे ०.६० टन उत्सर्जनाचे लक्ष्य दिले आहे. त्याने वर्षात २० लाख टन माल काढला आणि प्रत्यक्षात दर टनास ०.६२ टन वायू सोडला. त्याच्या खात्यावर ४०,००० प्रमाणपत्रांची तूट पडली. दुसऱ्या कारखान्याने तेवढाच माल ०.५८ या प्रमाणात काढला असेल, तर त्यास तितकीच प्रमाणपत्रे मिळतील व तो ती पहिल्यास विकू शकेल. पहिल्याने ती घेतली नाहीत, तर नियमांप्रमाणे त्यास प्रमाणपत्राच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट दराने पर्यावरणीय भरपाई द्यावी लागेल. हा सारा व्यवहार घडतो तो वहीच्या दोन पानांवर. एक पोते सिमेंट जागचे हलत नाही. म्हणूनच ती वही विश्वसनीय असणे हाच या व्यापाराचा पाया होय.

वही बिघडली तर काय होते, याचा धडा युरोपने भरपूर किंमत देऊन घेतला आहे. १९९७ च्या क्योटो करारानुसार प्रगत राष्ट्रांनी आपापली राष्ट्रीय नोंदवही ठेवली आणि प्रत्येक हस्तांतरण एका आंतरराष्ट्रीय व्यवहार-नोंदीशी ताडून पाहण्याची व्यवस्था झाली. युरोपचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला. २०१० साली हंगेरीने आपल्या कारखान्यांनी जमा केलेली प्रमाणपत्रे परदेशी विकली. क्योटोच्या नियमांनी ते निषिद्ध नव्हते. परंतु एकदा वापरलेली ती प्रमाणपत्रे फिरून युरोपच्याच बाजारात आली, आणि पॅरिसच्या बाजारास व्यवहार थांबवावे लागले. जानेवारी २०११ मध्ये प्राग येथील नोंदणी-कार्यालयात बाँब ठेवल्याचा दूरध्वनी आला. कर्मचारी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी एका कंपनीस आपल्या खात्यातून सुमारे पावणेपाच लाख परवाने नाहीसे झालेले आढळले, आणि ते तोवर अनेक देशांच्या खात्यांतून फिरले होते. युरोपीय आयोगाने सर्वत्र रोखीचे हस्तांतरण बंद ठेवले, आणि पुढे निरनिराळ्या राष्ट्रीय वह्यांच्या जागी एकच संयुक्त वही आणली. तिजोरी फोडण्यास पूर्वी पहार लागत असे. येथे खात्याचा परवलीचा शब्द पुरला.

भारतास या प्रकारात आपली वही ठेवण्याचा प्रसंग त्या काळी आला नाही, कारण क्योटो कराराने त्याच्यावर मर्यादाच घातली नव्हती. मात्र प्रमाणपत्रे येथेही निर्माण होत. रायपूरच्या परिसरातील काही स्पंज आयर्न कारखान्यांनी भट्टीच्या तप्त वायूंवर वीज निर्माण केली आणि त्या बचतीबद्दल त्यांना स्वच्छ विकास यंत्रणेखाली क्रेडिट्स मिळाली. बचत सिलतऱ्यात झाली, पण तिची नोंद जर्मनीतील बॉन येथील वहीत झाली. २००८ च्या मध्यास वीस युरोंच्या वर असलेला या क्रेडिट्सचा भाव २०१२ अखेर एका युरोच्याही खाली गेला. रायपूरच्या सामान्य रहिवाशास यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यास ते कळावे अशी व्यवस्थाही कोणी केली नव्हती, आणि नव्या वहीच्या बाबतीत हीच चूक पुन्हा होऊ देता कामा नये.

पॅरिस करारानंतर तर राष्ट्रीय वहीचे महत्त्व वाढले आहे. भारतातील एक टन बचत जपानने विकत घेतली, तर ती जपानच्या हिशेबात धरावयाची की भारताच्या? कराराचे सहावे कलम सांगते, की विकणाऱ्या राष्ट्राने ती आपल्या खात्यातून वजा केली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांच्यात अशा सहकार्याचा करार झालाही आहे. एकच शेत दोघांस विकणारा महाभाग प्रत्येक तालुक्यात एखादा तरी सापडतो. फेरफाराची नोंद वेळेवर झाली, तर त्याचे काही चालत नाही.

येथवर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत होईल. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नावर : ही वही कोणी वाचावी? कारखानदारांच्या बाजूने असे सांगितले जाते, की इंधनाचा आणि उत्पादनाचा तपशील हे व्यापाराचे गुपित आहे, ते प्रतिस्पर्ध्यापुढे उघडे करणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु युरोपात प्रत्येक कारखान्याचे पडताळलेले वार्षिक उत्सर्जन आणि त्याने जमा केलेले परवाने कोणासही पाहता येतात. त्यामुळे तेथील सिमेंट उद्योग बुडाल्याचे ऐकिवात नाही. भारतातही कारखान्यांची नावे आणि लक्ष्ये राजपत्रात छापली गेली आहेत. लक्ष्य उघड आणि त्याची पूर्ती गुप्त, ही व्यवस्था परीक्षेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लावून निकाल कपाटात ठेवण्यासारखी आहे. शेतकऱ्याचा सातबारा आज कोणीही संगणकावर पाहू शकतो. त्याने काढलेल्या पिकाचे नावसुद्धा त्यात असते. अडीच एकरांच्या मालकास जे गुपित नाकारले आहे, ते लाखो टन वायू सोडणाऱ्यास का द्यावे?

उघड्या वहीत एक रकाना मात्र आवर्जून हवा. भारताची योजना दर टन मालामागील उत्सर्जनावर चालते, एकूण उत्सर्जनावर नव्हे. वरच्या उदाहरणातील पहिल्या कारखान्याने गेल्या वर्षी १२ लाख ४० हजार टन वायू सोडला. आता त्याने सुधारणा करून ०.५८ हे प्रमाण गाठले, पण उत्पादन २५ लाख टनांवर नेले, असे धरू. लक्ष्य तेच राहिले, तर त्यास ५०,००० प्रमाणपत्रे मिळतील, आणि त्याच वर्षी त्याचे एकूण उत्सर्जन १४ लाख ५० हजार टन होईल. दोन्ही विधाने खरी आहेत. विकसनशील देशाने ही पद्धत पत्करली यात गैर काही नाही, कारण घरे आणि पूल बांधावयाचे आहेत. परंतु प्रमाणपत्रांचा आकडा छापून एकूण टनांचा आकडा गाळला, तर वाचकाची फसवणूक होईल.

मोजणीचाही प्रश्न आहे. मोजणीची साखळीच तोकडी असेल, तर सुवाच्य सातबाराही चुकीचाच. सुरत येथे २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुरातील कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला, तेव्हा धुराड्यांत सतत मोजणारी यंत्रे बसविली होती. बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन इतरांच्या तुलनेने २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांस आढळले. हरितगृह वायूंचे गणित बहुधा जाळलेले इंधन आणि वापरलेला कच्चा माल यांवरून मांडतात, आणि मान्यताप्राप्त संस्था ते पडताळते. तिचे शुल्क ज्याची तपासणी करावयाची तो कारखानाच देणार असेल, तर तिचे नावही त्याच्या खात्यासमोर छापलेले असावे.

राहता राहिली भाषा. बलौदाबाजारच्या वहीचे पान हिंदीत आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांचे पान मराठीत वाचावयास मिळणे अवघड नाही. आकडे तेच, फक्त मथळे बदलावयाचे. वर्षातून एकदा जिल्ह्याची पाने छापून सार्वजनिक ग्रंथालयांत आणि माध्यमिक शाळांत पाठविता येतील. कारखान्याचे नाव, लक्ष्य, दर टनाचे उत्सर्जन, एकूण टन, मिळालेली, विकत घेतलेली व बाद झालेली प्रमाणपत्रे, आणि पडताळणी करणाऱ्या संस्थेचे नाव, एवढा मजकूर एका जिल्ह्यास चार पानांत मावतो. गुणाकार येणाऱ्या आठवीच्या विद्यार्थ्यास तो तपासून पाहता येईल.