‘अवयव पडत नाहीत’ हेही उत्तरच

‘अवयव पाडा’ ही बीजगणितातील आज्ञा विद्यार्थ्याच्या मनात एक समज रुजविते: अवयव असलेच पाहिजेत, ते सापडले नाहीत तर उणीव आपलीच. इंदूर-ग्वाल्हेरकडील मुले हिंदी पुस्तकात ‘गुणनखंड’ वाचतात, बेळगावची मुले कन्नड पुस्तकात ‘अपवर्तन’ वाचतात. समज मात्र सर्वत्र सारखाच.

प्रथम गट पाडण्याची रीत पाहू. अब + ६ + ३अ + २ब या राशीच्या पहिल्या दोन पदांत सामाईक असे काहीच नाही. तेवढ्यावरून ती सोडून देऊ नये. पदांचा क्रम बदलून अब + ३अ + २ब + ६ अशी मांडणी केली की अ(ब + ३) + २(ब + ३) असे दोन गट होतात. दोहोंत कंस एकच, म्हणून अवयव (अ + २)(ब + ३). एका मांडणीत गट जुळले नाहीत, हा अवयव नसल्याचा पुरावा नव्हे.

मग पुरावा कोणता? क्ष² + ७क्ष + १२ ही राशी घ्या. गुणाकार १२ आणि बेरीज ७ अशी जोडी हवी. १ व १२ यांची बेरीज १३, २ व ६ यांची ८, ३ व ४ यांची ७. शेवटची जोडी लागू पडते. मधले पद ३क्ष + ४क्ष असे फोडून गट केले की (क्ष + ३)(क्ष + ४) मिळतात. आता ७ च्या जागी ६ ठेवा. जोड्या त्याच तीन, आणि बेरीज ६ एकीचीही नाही. दोन्ही संख्या ऋण घेतल्या तर बेरीजही ऋण येते. चौथी जोडी संभवतच नाही. म्हणून १३ ही जशी मूळ संख्या, तशी क्ष² + ६क्ष + १२ ही राशी पूर्णांकांपुरती अविभाज्य ठरते.

याउलट क्ष⁴ + ४ ही राशी पाहताक्षणी अविभाज्य वाटते. तीत ४क्ष² मिळवून तितकेच वजा केले की (क्ष² + २)² − (२क्ष)² असे वर्गांतर दिसू लागते, आणि (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) हे अवयव हाती येतात.

तेव्हा पालकहो, मुलाने वहीत ‘अवयव पडत नाहीत’ असे लिहिले तर ते लगेच खोडू नका, लगेच मान्यही करू नका. ‘कशावरून?’ एवढेच विचारा. खाली त्या तीन जोड्या मांडलेल्या असतील, तर उत्तर पूर्ण आहे.