आजोबांनी काहीही दाबलेलं नाही!

आलेल्या ई-मेलमध्ये चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसली, की आमच्या भाईंदरात पहिला संशय नेटवर आणि दुसरा घरातल्या म्हाताऱ्यावर. "आजोबा, तुम्हीच काहीतरी दाबलंत!" मी जाहीर सांगतो, आजोबांनी काहीही दाबलेलं नाही. अहो, ते चित्र बहुधा पत्रात नसतंच! पत्रात असतो त्याचा पत्ता; चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर. तुम्ही ते मागवलंत, की तिकडे चहाडी पोचते : गडी पत्र वाचतोय. काही चित्रं तर ठिपक्याएवढी, पारदर्शक, निव्वळ चहाडीसाठी नेमलेली. म्हणून आउटलुक अशी चित्रं दारातच अडवतं. जीमेल २०१३ पासून ती स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवू लागलं. वॉचमनने कुरिअर खालीच घ्यावं, तसं. ॲपलने २०२१ साली पत्र उघडण्याआधीच चित्र आणून ठेवायची सोय केली. बसा म्हणावं आता मोजत, कोण वाचतंय ते!

तेव्हा चौकटीशी माझं भांडण नाही. भांडण आहे पाठवणाऱ्याशी. 'शनिवारी पाणी बंद' हे तीन शब्द टाइप करायला काय होतं? पण नाही, आमच्याकडे त्याचं रंगीत पोस्टर येतं, नळाच्या चित्रासकट. पोस्टर दारात अडतं आणि शनिवारी चौथ्या मजल्यावरचा सज्जन अंगाला साबण लावून उभा! चित्र दिसलं नाही तर त्याजागी वाचायला चार शब्द लिहून ठेवायची सोय असते. मी मुद्दाम पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'चित्र १'.