विजेरीच्या प्रकाशाचा ताळेबंद

एखादा व्यापारी म्हणाला, ‘यंदा पन्नास हजारांचा नफा झाला’, तर हिशेब जाणणारा माणूस लगेच विचारतो, ‘भांडवल किती गुंतले होते?’ नफ्याचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. विजेरी, म्हणजे आपली नेहमीची टॉर्च, विकत घेताना मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. दुकानदार समोरच्या भिंतीवर झोत टाकतो, मधला ठिपका डोळे दिपवतो आणि आपण पैसे मोजतो.

कार्यक्षमता म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक वॅट विजेमागे मिळालेला एकूण प्रकाश. एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. कँडेला हे परिमाण निराळे आहे. एका विशिष्ट दिशेने जाणारा प्रकाश किती तीव्र आहे, एवढेच ते सांगते. लहान एलईडीच्या माहितीपत्रकात बहुधा कँडेलाचा सहस्रांश, म्हणजे मिलिकँडेला, दिलेला असतो. तो आकडा हजारांत असल्यामुळे भव्य दिसतो आणि ग्राहकाची गफलत तेथेच होते.

एक उदाहरण पाहू. पाच मिलिमीटरचे दोन पांढरे एलईडी आहेत. पहिल्यावर २०,००० मिलिकँडेला आणि झोताचा कोन १५ अंश असे लिहिले आहे. दुसऱ्यावर १०,००० मिलिकँडेला आणि ३० अंश. पहिला दुप्पट चांगला वाटतो. परंतु कोन दुप्पट झाला की झोताचा विस्तार जवळजवळ चौपट होतो. स्थूल हिशेब केल्यास पहिल्यातून सुमारे १ लुमेन प्रकाश निघतो, तर दुसऱ्यातून सुमारे २ लुमेन. दोघेही ३.२ व्होल्टवर २० मिलिअँपिअर प्रवाह घेत असतील, तर खर्च सारखाच, ०.०६४ वॅट. म्हणजे पहिला वॅटमागे सुमारे १७ लुमेन देतो, तर दुसरा ३३. जुन्या तंतूच्या लहान बल्बमध्ये हे प्रमाण सुमारे १० असे, आणि आजचे चांगले पांढरे एलईडी शंभराच्या पुढे गेले आहेत. वीस हजारांचा आकडा मिरवणारा आपला पहिला एलईडी या पंक्तीत फार मागे बसतो.

एलईडी उत्तम असला तरी हिशेब तेथे संपत नाही. स्वस्त विजेरीत दीड व्होल्टचे तीन सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट असतात. एलईडीला लागतात ३.२ व्होल्ट. उरलेले १.३ व्होल्ट एका रोधात उष्णता होऊन जातात. नवे सेल घातल्याबरोबर शेकडा २९ भाग वीज अशी खर्ची पडते. शिवाय एलईडीतून प्रवाह दुप्पट केला म्हणून प्रकाश दुप्पट होत नाही. प्रवाह आणि उष्णता वाढली की कार्यक्षमता घटते. छोट्याशा विजेरीतून डोळे दिपवणारा प्रकाश काढण्याची किंमत सेलना मोजावी लागते.

घरी तुलना करायची असल्यास एक सोपी रीत आहे. दोन्ही विजेऱ्यांत सारखे नवे सेल घालावेत. अंधाऱ्या खोलीत विजेरी टेबलावर उभी ठेवून झोत पांढऱ्या छतावर सोडावा आणि ठिपक्याकडे न पाहता खोली किती उजळली ते पाहावे. मोबाइलवरील प्रकाशमापक एकाच जागी, थेट झोत पडणार नाही असा ठेवून दोन्हींचे आकडे टिपावेत. डोळ्याचा अंदाज येथे फसवा असतो. मग जाणकाराच्या मदतीने मल्टिमीटरने सेलमधून जाणारा प्रवाह मोजावा, त्याला सेलच्या व्होल्टने गुणावे आणि प्रकाशाच्या आकड्याला त्या गुणाकाराने भागावे. हे उत्तर लुमेनमध्ये नसते, पण दोन विजेऱ्यांत मितव्ययी कोणती, ते त्यावरून कळते. तासाभराने हीच मोजणी पुन्हा केली, तर सेल उतरू लागल्यावर प्रत्येकीची चाल कशी राहते, तेही दिसते.

वेष्टनावरील ‘इतके तास चालते’ हे विधानही नीट वाचावे. अमेरिकेतील ‘एएनएसआय एफएल-१’ या मानकात प्रकाश आरंभीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ मोजतात. तेव्हा चाळीस तास चालणारी विजेरी चाळीस तास सारखीच उजळेल, असा त्याचा अर्थ नव्हे.

याचा अर्थ कँडेलाचा आकडा खोटा आहे, असाही नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला बांधाच्या पलीकडचे दिसावे लागते. त्याला अरुंद, तीव्र झोतच हवा. पण वीज गेल्यावर जिना उतरणाऱ्या आजींना तोच झोत एक पायरी दाखवतो आणि पुढची अंधारात ठेवतो. त्यांना पसरलेला आणि रात्रभर पुरणारा प्रकाश हवा. म्हणून विजेरी कोणासाठी घ्यायची ते आधी ठरवावे. मग लुमेन किती, वॅट किती आणि झोताचा कोन किती, हे तीन प्रश्न दुकानातच विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर नुसत्या ठिपक्यावर भुलून पैसे देण्याची घाई करू नये.