बुडत्या नौकेची तजवीज

नौका ही मुळी तरण्यासाठीच असते. मग ती बुडू नये म्हणून आणखी निराळी तजवीज कशाला, असा प्रश्न गतवर्षीच्या दिवाळीपूर्वी कोणी मला विचारला असता, तर तो मी रास्तच मानला असता. परंतु दिवाळीच्या सुट्टीत जो प्रसंग आमच्या घरी घडला, त्याने या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. तो प्रसंग माझ्या वागणुकीस भूषणावह नाही. तथापि ज्यांच्या घरी नातवंडे आहेत अशा वाचकांस तो उपयोगी पडेल, म्हणून येथे नमूद करतो.

माझ्या बारा वर्षांच्या नातवास बिनतारी यंत्राने चालणाऱ्या लहान नौकेचा नाद आहे. काठावर उभे राहून हातातील यंत्राची कळ फिरवावी आणि दूर पाण्यात नौकेने वळण घ्यावे, हे पाहून मलाही आरंभी नवल वाटले. वास्तविक ही कल्पना काही आजची नव्हे. निकोला टेस्ला याने 1898 साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी नौका हौदात चालवून दाखविली होती. आमच्या चिरंजिवांनी मुलाबरोबर तीन महिने रविवारी बसून काचतंतूंची ही दोन फूट लांबीची नौका सिद्ध केली. खर्चाचा आकडा ऐकून मात्र माझ्यातील मास्तर जागा झाला. नातू ती घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर निघाला, तेव्हा मी ओसरीवरून बजावले, "बाळ, ही जर बुडवून आलास, तर घरात पाऊल टाकू नकोस हो!"

बोलणे अर्धे थट्टेचे होते. परंतु थट्टेचा अर्धा भाग कोणता, हे मुलांस कोठून कळावे?

तळ्यात एका लाटेने झाकणाच्या फटीतून पाणी आत गेले. आत शिरलेले पाणी एके जागी स्वस्थ राहत नाही. नौका ज्या कुशीवर कलते तिकडेच ते धावते व तिला अधिक कलवते. बघता बघता ती काठापासून पंधरा हातांवर दिसेनाशी झाली. बरोबरची मुले घरी सांगावयास धावली आणि आमचा नातू, माझे शब्द स्मरून, कपड्यांसह पाण्यात उतरला. तळ गाळाचा. कमरेइतक्या पाण्यात त्याचे पाय रुतले. पुढचे पाऊल टाकताच पाणी गळ्याशी आले. म्हशी धुणारा एक गृहस्थ पलीकडे होता, त्याने आपली काठी पुढे करून त्यास ओढून काढले. मी धापा टाकीत पोहोचलो, तेव्हा मुलगा चिखलाने माखून काठावर बसला होता आणि त्याचे पहिले वाक्य होते, "आजोबा, नौका सापडली नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. मला माझे बालपण आठवले. आम्हांस नदीत पोहावयास शिकविताना वडिलांनी उपदेश केला नाही. त्यांनी आधी पाठीस वाळलेला भोपळा बांधला आणि मग पाण्यात लोटले. मी नातवास दटावणी दिली होती, भोपळा बांधावयाचे मात्र विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी लांब बांबूस आकडा बांधून चिरंजिवांनी नौका काढली. तिची विद्युत्पेटी लिथियमची असते. ती भिजल्यावर पुन्हा भारित करणे धोक्याचे, म्हणून ती उघड्या अंगणात, जळाऊ पदार्थांपासून दूर ठेवून नंतर टाकून दिली. मग आम्ही तिघे आजोबा, मुलगा व नातू भोपळ्याच्या विचारास लागलो.

संस्कृतात 'प्लु' धातूपासून 'प्लव' शब्द होतो. त्याचा अर्थ तराफा, होडी. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात 'प्लावक बल' म्हणतात ते याच कुळातले. आर्किमिडीजचा सिद्धांत वाचकांस ठाऊकच आहे: वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. एक लिटर गोडे पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. नौकेतील हवा पाण्याने हुसकावली की हा आधार जातो. म्हणून अशा काही हलक्या वस्तू आत बसवाव्या की, ज्यांची जागा पाण्यास घेताच येणार नाही. लंडनमधील लायोनेल लुकिन या घोडागाड्या बांधणाऱ्या गृहस्थाने बूच व हवेचे कप्पे घालून न बुडणाऱ्या होडीचे पेटंट 1785 साली घेतले, ते याच तत्त्वावर.

किती आधार हवा, हे अंदाजाने ठरवू नये. आम्ही विद्युत्पेटी व नाजूक यंत्रे काढून उरलेली नौका ताणकाट्यास टांगली. हवेत वजन भरले 750 ग्रॅम. मग ती हौदात पूर्ण बुडवून, आतील हवेचे बुडबुडे काढून पाहिले, तो काटा 420 ग्रॅमवर आला. पेटी व यंत्रे 280 ग्रॅमची. ती सावधगिरी म्हणून पूर्ण वजनाने धरली. एकूण 700 ग्रॅम उचलावयाचे. दाट जातीच्या फोमचा एक लिटर तुकडा सुमारे 30 ग्रॅम भरतो, म्हणजे निव्वळ आधार 970 ग्रॅम. सव्वासातशे घनसेंटिमीटर पुरले असते. आम्ही पूर्ण एक लिटर घातला. ज्यांस फोम मिळत नाही त्यांनी टेबल टेनिसचे चेंडू वापरावे. 40 मिलिमीटर व्यासाचा चेंडू 2.7 ग्रॅमचा असून सुमारे 31 ग्रॅम उचलतो. आमच्या नौकेस असे 23 चेंडू लागले असते. मात्र ते जाळीत घट्ट बांधावे, नाहीतर पाण्याबरोबर तेही एका कुशीस धावतील.

प्रमाणाइतकेच स्थानासही महत्त्व आहे. नातवाने प्रथम सर्व फोम तळाशी भरावयाचा बेत केला. मी त्यास विचारले, "बाळ, भोपळा पायांस बांधला तर पोहणाऱ्याचे काय होईल?" तो हसला आणि समजला. तळाशी हलका पदार्थ असेल तर पाण्याने भरलेली नौका उलथून पालथी होते. म्हणून जड पेटी खाली व फोम वर, झाकणाच्या लगत, दोन्ही कुशींस सारखा. नुसता नाकाडात भरला, तर नौका शेपटीवर उभी राहते. आम्ही पुढे 400, मागे 300 व दोन्ही बाजूंस दीडदीडशे घनसेंटिमीटर अशी वाटणी केली. शिवाय बिनतारी लहरी पाण्यात फार खोल शिरू शकत नाहीत. तेव्हा त्या ग्रहण करणारी तार उंच ठेविली.

आडव्या भिंतींचे कप्पेही करता येतात. परंतु त्या थेट वरपर्यंत नेल्या पाहिजेत. टायटॅनिक जहाजास असे 16 कप्पे होते. पण भिंती पुरेशा उंच नसल्याने पुढचे कप्पे भरताच पाणी त्यांवरून मागे ओसंडले व 15 एप्रिल 1912 रोजी ते जहाज तळाशी गेले.

आणखी दोन सूचना. थर्मोकोल व तत्सम फोम पेट्रोलने आणि रबराच्या सामान्य चिकट द्रवाने विरघळतात. तेथे इपॉक्सी वापरावी. दोन द्रव मिसळून फुगणारा फोम बंद जागेत ओतल्यास कवच फुगवून तडकावतो. तो थोडाथोडा, वर वाट ठेवून ओतावा. मोटारीभोवती मात्र काही ठासू नये, तिला हवा हवी.

महिन्याने नवी पेटी घालण्यापूर्वी आम्ही नौका हौदात ठेविली. जुन्या पेटीच्या वजनाची वाळूची पुरचुंडी आत होती. नातवाने झाकण काढून तांब्याने पाणी ओतले. नौका खाली गेली, कडा पाण्याशी समतल झाली आणि तेथेच सरळ थांबली. तो कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत होता.

त्याच दिवशी मी माझे ओसरीवरचे वाक्य परत घेतले आणि त्याच्या जागी दुसरे दिले: "नौका गेली तर जाऊ दे, पाण्यात उतरू नकोस, घरी येऊन सांग." पुढे मकरसंक्रांतीस तळ्यावर झाकण पुन्हा निसटले. नौका भरली, कळ चालेना. नातू काठावर दगडावर बसून राहिला. पाऊण तासाने वाऱ्याने ती काठाशी आणली. संध्याकाळी घरी येऊन त्याने स्वतःच सारे सांगितले आणि मग हात पुसून तिळगूळ मागितला.